चाल तीच, ताल वेगळा



आपल्या नारायण पेठेत संध्याकाळी फिरायला निघालं, तर एखाद्या वाड्यातून किंवा देवळातून टाळांचा आवाज कानावर येतोच. तबला वाजवणारी नवी मुलं चांगली शिकलेली असतात. त्यांना वाटतं, रोजचीच चाल एकदा रूपकात घ्यावी, झपतालात घ्यावी. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "कशाला? आमच्या टाळ्या चुकतात." दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच हा विषय इथे थोडा उलगडून मांडतो. नोकरी बँकेत झाल्यामुळे मला मात्रांचा हिशेबही जमाखर्चासारखाच दिसतो, तेव्हा तेवढं सांभाळून घ्यावं.

चाल म्हणजे सुरांचा क्रम, आणि कोणता सूर किती वेळ धरायचा ते ताल ठरवतो. क्रम तसाच ठेवून वेळाची वाटणी बदलली की ओळखीचं भजन वेगळं ऐकू येतं. ही वाटणी अक्षरांच्या जिवावर करायची असते, कारण मराठी-संस्कृत अक्षरांना स्वतःचं वजन आहे. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन.

आपला 'दिगंबरा' हाच शब्द घेऊ. दि एक, गं दोन, ब एक, रा दोन, अशा सहा मात्रा झाल्या. दादराही सहा मात्रांचाच, तीन-तीनच्या दोन खंडांचा. म्हणजे हा शब्द दादऱ्यात काही ओढाताण न करता बसतो:

दि गं ऽ । ब रा ऽ

मग आपण सगळे तो आठ मात्रांत, केरव्यात किंवा धुमाळीत का म्हणतो? मांडून बघा:

दि गं ऽ ब । रा ऽ ऽ ऽ

वाढलेल्या दोन मात्रा 'रा'च्या पदरात पडल्या. चार मात्रांचा 'रा' मिळाल्यामुळे श्वास घेता येतो. शंभर माणसं एकत्र म्हणतात, त्यात निम्मी साठीच्या पुढची, तिथे ही जागा फार मोलाची. दादऱ्यात लय वाढली की दम लागतो तो याच कारणाने.

आता रूपक. सात मात्रा, वाटणी तीन-दोन-दोन. एक मात्रा जास्तीची, ती कुठे घालायची? पुष्कळ जण नकळत 'ब'वर घालतात आणि 'दिगंबारा' ऐकू येतं. ताल चुकत नाही, पण नाम बिघडतं. ती मात्रा गुरू अक्षराच्या खात्यावर टाका:

दि गं ऽ । ऽ ब । रा ऽ

'ब' लहानच राहिला. टाळ्या चुकतात त्याचं कारणही इथेच आहे. रूपकात समेवरच काल असतो, म्हणजे जिथे सगळे जोरात टाळी देणार तिथे हात मोकळा. चौथ्या मात्रेवर टाळी आहे, पण त्या क्षणी तोंडात नवं अक्षर नाही. सवय नसलेला माणूस गोंधळणारच, त्यात त्याचा दोष काही नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, आरतीला रूपक घेऊ नये. बैठकीच्या भजनात, चार जाणती माणसं असतील तेव्हा, जरूर घ्यावा.

झपतालाची मात्र गंमत आहे. दहा मात्रा, वाटणी दोन-तीन-दोन-तीन. चार खंड आणि शब्दाची अक्षरंही चार:

दि ऽ । गं ऽ ऽ । ब ऽ । रा ऽ ऽ

लघूला दोन, गुरूला तीन. लहान-मोठेपणा टिकला आणि काल आला तो 'ब'वर. लय फार संथ ठेवू नका, नाहीतर लघुही लांबट वाटेल.

हा हिशेब कागदावर मांडायची सवय आपल्याकडे ज्यांच्यामुळे पसरली, त्यांत पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचं नाव मोठं. जन्म १८७२ साली कुरुंदवाडला, नरसोबाच्या वाडीच्या शेजारी. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात चेहऱ्याजवळ फटाका उडून दृष्टी अधू झाली, आणि पुढे मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकले. १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या स्वरलेखनात सुराखाली खुणा असतात, एक मात्रा, अर्धी, पाव अशा. नजर अधू झालेल्या माणसाने इतरांसाठी सूर डोळ्यांना दिसतील असे लिहिले! त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात विद्यालय सुरू केलं आणि ती शिस्त आपल्या पेठांपर्यंत आली.

पुन्हा नामघोषाकडे. त्यात 'दिगंबरा' तीनदा आणि मध्ये श्रीपादवल्लभांचं नाव. केरव्यात ते नाव एका आवर्तनात मावतं: श्री पा ऽ द । व ल् ल भ. दादऱ्यात मावत नाही, दोन आवर्तनं लागतात: श्री ऽ ऽ । पा ऽ द, आणि मग व ऽ ल् । ल भ ऽ. म्हणजे केरव्यात एकूण चार आवर्तनं, दादऱ्यात पाच. मंडळ अडखळतं ते नेमकं या जोडावर. तेवढा तुकडा आधी तबल्याशिवाय, नुसत्या हातावर मात्रा मोजत पाच-सहा वेळा म्हणून घ्यावा. सूर नंतर लावावेत.

दत्तजन्माच्या संध्याकाळी पाळणा म्हणतात, तो झोक्याच्या लयीत. तिथून एकदम धुमाळीवर उडी मारली की झोका झटक्याने थांबवल्यासारखं होतं. त्याऐवजी पाळणा संपला की नामघोष संथ दादऱ्यातच उचलावा. थोडा वेळ तसाच चालू द्यावा. मग पुढच्या माणसाने खूण करावी आणि सगळ्यांनी 'रा' दोन मात्रा जास्त धरावा. सहाच्या आठ झाल्या, केरवा सुरू झाला. तबलजीने त्या दोन मात्रांत हात उचलून थांबावं आणि पुढच्या 'दि'वर सम द्यावी.