एक कप चहा, स्वतःसाठी



मागच्या महिन्यात मंदिरात महाप्रसादानंतर एका भगिनीने मला विचारले, "डॉक्टर मावशी, स्वतःवर प्रेम करा असे सगळे सांगतात. म्हणजे नेमके करायचे काय?" तिच्या हातात चहाची किटली होती. शंभर जणांना चहा देऊन झाला होता आणि तिचा स्वतःचा कप खिडकीत गार पडला होता. मी म्हटले, "आधी तो गरम करून घे आणि बसून पी." ती हसली. मी मात्र थट्टा करत नव्हते.

इंग्लंडमध्ये मी २८ वर्षे जीपी म्हणून काम केले. दिवसाला सहा-सात कप चहा होई, बहुतेक उभ्याने, दोन पेशंटच्या मध्ये. पन्नाशीच्या सुमारास जिना चढताना धाप लागू लागली. दुपारी डोळे मिटत. थकवा आला की चहा, असे वर्षभर चालले. शेवटी आमच्या नर्सने मला खुर्चीत बसवून रक्त काढले. हिमोग्लोबिन ८.४! पाळी जाण्याच्या काळात होणारा अतिरक्तस्राव हे त्याचे कारण होते. जो प्रश्न मी रोज बायकांना विचारत होते, तो स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

दोष चहाचा नव्हता. आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि "आता थांब" अशी सूचना देते. चहातले कॅफिन त्या द्रव्याची जागा अडवून बसते. थकवा तसाच राहतो, फक्त त्याचा निरोप पोचत नाही. मी वर्षभर माझ्या शरीराचे निरोप चहाबरोबर गिळत होते.

म्हणून आता दिवसातला एक कप मी वेगळ्या रीतीने पिते. अमेरिकेत डॉ. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात एकच बेदाणा लक्षपूर्वक, सावकाश खायला शिकवतात. आपला बेदाणा म्हणजे चहा.

१. आधण ठेवल्यावर तिथेच थांबा. आले किसा, उकळी बघा. फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या.

२. कप घेऊन बसा. दोन्ही हातांना ऊब लागू द्या, वास घ्या. कढत चहा पिऊ नका. ६५ अंशांहून गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला संभवतः कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केले आहे.

३. घोट घेताना मन भटकेल. भटकू द्या, आणि पुढच्या घोटाला परत आणा.

४. कप अर्धा झाला की स्वतःला विचारा: झोप झाली का? कुठे दुखते आहे का? कोणती गोष्ट मी पुढे ढकलते आहे? उत्तर आले की ते ऐका.

याला दहा मिनिटे लागतात. देवाला नैवेद्य दाखवताना आपण घाई करत नाही, पाणी फिरवतो, क्षणभर डोळे मिटतो. देवाने दिलेल्या देहासाठी दहा मिनिटे काढणे हा काही स्वार्थ नव्हे.

आता डॉक्टर म्हणून चार गोष्टी. चहातली टॅनिन्स डाळी आणि पालेभाज्यांतले लोह शोषू देत नाहीत, म्हणून शाकाहारी मंडळींनी जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. थायरॉईडची गोळी पाण्याबरोबर घ्यावी आणि किमान अर्धा तास चहा घेऊ नये. अर्धे कॅफिन शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा झोप येत नसेल तर संध्याकाळचा चहा सोडून बघावा. साखरेचेही गणित करा: इथल्या आरोग्य खात्याच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर आणि मध मिळून दिवसाला ३० ग्रॅमपेक्षा जास्त नको. दोन-दोन चमच्यांचे चार कप झाले की ती मर्यादा चहातच ओलांडते.

आणि थकवा काही आठवडे टिकून राहिला, तर आणखी एक कप करण्याऐवजी जीपीची वेळ घ्या.

जाता जाता एक विनंती. आपल्यातले काही ज्येष्ठ घरी एकटे असतात. त्यांचा चहा रोज शांतपणेच होतो, पण समोर कोणी नसते. आपला ट्रस्ट अशा घरी भेट देणारे स्वयंसेवक शोधत आहे. आठवड्यातून एक तास देऊ शकत असाल तर मंदिराच्या कार्यालयात नाव द्या. ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनी कल्याण निधीला यथाशक्ती हातभार लावावा.

ती किटलीवाली भगिनी परवा भेटली. म्हणाली, "मावशी, काल बसून प्यायले. मधेच रडू आले." मी तिला तपासणीसाठी पाठवले आहे, आणि पुढच्या रविवारी किटली मी धरणार आहे.