गादी मऊ नको, मापाची हवी

लांब पल्ल्याची सायकल चालवणारी माणसं एकमेकांना टायरमधली हवा विचारतात, गिअर विचारतात, वाटेत काय खाल्लं तेही विचारतात. बसायच्या जागी काय होतं, हे कोणी विचारत नाही. बायका तर नाहीच नाही. चारचौघांत उच्चारायची ती जागा नव्हे असं लहानपणापासून मनावर ठसलेलं असतं. मग प्रत्येक जण आपापलं दुखणं घेऊन गप्प राहतो. काही जण तर सायकलच विकून टाकतात. गुडघ्यामुळे सोडली असं सांगतात, खरं कारण सीट असतं. म्हणून मी हे नावं घेऊन, उघडपणे लिहिते आहे.

पुणे–सातारा–पुणे अशा दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, निघाले तेव्हा माझी तयारी चांगली होती. या पल्ल्याला साडेतेरा तास मिळतात आणि वेळेची मला चिंता नव्हती. सायकल साधी हायब्रिड होती, तिच्यावर नवी, रुंद, जेल भरलेली सीट. दुकानदारानं अंगठ्यानं दाबून दाखवली होती : “ताई, सोफा आहे सोफा! शंभर किलोमीटर कळणारसुद्धा नाहीत.” शिरवळपर्यंत त्याचं म्हणणं खरं वाटलं. खंबाटकीच्या चढावरही काही जाणवलं नाही. घाट उतरून सुरूरच्या पुढे सरळ रस्ता लागला आणि मांड्यांच्या मधल्या भागात मुंग्या यायला लागल्या. साताऱ्याहून परत फिरले तेव्हा मुंग्याही थांबल्या होत्या. तिथे काहीच जाणवत नव्हतं. दुखायचं थांबलं म्हणून त्या वेळी बरंच वाटलं.

घरी आल्यावर लघवी करताना आग झाली. नाजूक भागाला सूज होती आणि बधिरपणा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे सीटची कड सतत घासत होती, तिथे केसतोड उठलं. ते पिकलं आणि शेवटी डॉक्टरकडे जाऊन फोडून घ्यावं लागलं. डॉक्टर बाईंनी जखम साफ करताना विचारलं, “बसता कशावर?” मी सीटचं वर्णन केलं. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे ओटीपोटाच्या हाडांचं चित्र काढलं आणि काय झालं असावं ते समजावलं. त्यापुढचं बरंचसं मी वाचून, मापं घेऊन आणि सोबतच्या सायकलवाल्यांच्या सीटा मागून आणून शिकले.

कडक खुर्चीवर बसून दोन्ही तळहात खाली सरकवा आणि थोडं डोला. दोन टणक उंचवटे हाताला लागतील. ती बैठकीची हाडं. बसलेल्या शरीराचा भार घेण्यासाठी निसर्गानं ती दिली आहेत. त्या दोन हाडांच्या मधल्या भागात नाजूक मांस, जननेंद्रियांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि तिथली संवेदना पोचवणारी मोठी नस आहे. या भागावर भार यायला नको. चांगल्या सीटचं काम एवढंच, की भार हाडांनी घ्यावा आणि मधला भाग मोकळा राहावा.

मऊ सीटवर याच्या बरोबर उलट घडतं. हाडं जेलमध्ये रुततात, आणि दोन्हीकडून दबलेलं जेल मध्ये वर येऊन नाजूक भागालाच टेकतं. अर्ध्या तासाच्या फेरीत हे समजत नाही. उलट, बसायला छान वाटतं. म्हणूनच दुकानात ती सीट विकली जाते. तासांमागून तास गेले की नस आणि रक्तवाहिन्या दबून राहतात, मुंग्या येतात, मग बधिरपणा. खंबाटकीत मला त्रास का झाला नाही, तेही यावरून उलगडलं. चढावर पाय पेडलवर जोर देतात, त्यामुळे सीटवरचा भार कमी होतो, आणि माणूस मधूनमधून उभा राहूनही पेडल मारतो. सपाट रस्त्यावर निवांत पाय फिरवत राहिलं की अंगाचा भार एकाच जागी बसून राहतो. घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी, सायकल चालवणाऱ्यांना रस्त्यापेक्षा लवकर बधिरपणा येतो, तोही यामुळेच. तिथे खड्डा नाही, वळण नाही, उठायचं कारणच नाही.

बधिरपणाकडे ‘सवय होईल’ म्हणून दुर्लक्ष करू नये, हे मी फार कळकळीनं सांगते. हाडांवरचं दुखणं आणि बधिरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्यानं सायकल चालवणाऱ्याची बैठकीची हाडं ठेच लागल्यासारखी दुखतात आणि काही आठवड्यांत सरावतात. त्याला घाबरायचं कारण नाही. बधिरपणाला मात्र सराव नसतो. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांचा तिथल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेनं अभ्यास केला होता, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. या पुरुष पोलिसांना पुढचं टोक नसलेल्या सीटा सहा महिने वापरायला दिल्या. सायकलवर बधिरपणा येत नाही असं सांगणाऱ्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेलं. माणसं तीच आणि कामही तेच, बदलली होती ती सीट. त्या विशिष्ट सीटा सगळ्यांनी घ्याव्यात असं मी म्हणणार नाही, कारण लांब पल्ल्यावर सीटचं टोक मांड्यांना सायकल सांभाळायला मदत करतं. पण त्रास आपल्या सहनशक्तीचा नसून सीटचा असतो, हे त्या आकड्यांनी मला पटवून दिलं.

आता मापाकडे वळू. चपलेचं माप न सांगता चप्पल कोणी घेत नाही, सीट मात्र सर्रास अंदाजानं घेतली जाते. माप घरी घेता येतं. कुरिअरच्या खोक्याचा, आत पन्हळी असलेला पुठ्ठा लाकडी स्टुलावर ठेवा. पातळ कपडे घालून त्यावर बसा, पाय एखाद्या पाटावर ठेवा म्हणजे गुडघे थोडे वर येतील, आणि पुढे वाका. मिनिटभरानं उठलात की पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. दिसले नाहीत तर तिरप्या उजेडात धरा, बोटानं चाचपून पेननं खुणा करा. दोन खळग्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. बहुतेकांचं ते १०० ते १५० मिलिमीटरच्या दरम्यान येतं. त्यात साधारण २० ते ३० मिलिमीटर मिळवले की सीटच्या मागच्या भागाची रुंदी मिळते. माझ्या हाडांमधलं अंतर १२८ मिलिमीटर आहे आणि आता मी १५५ मिलिमीटरची सीट वापरते. जेलची ती सीट याहून कितीतरी रुंद होती. तिची कड मांडीला घासत होती ती त्यामुळेच.

‘लेडीज सीट’ या चिठ्ठीवर मात्र विसंबू नका. बायकांच्या हाडांमधलं अंतर सरासरीनं जास्त असतं हे खरं, पण सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे. माझ्या ओळखीतल्या एका उंच, धिप्पाड गृहस्थांचं माप माझ्याहून कमी भरलं. वजन किंवा कंबर बघून सीट सुचवणारा दुकानदार मापच घेत नसतो.

किती वाकून सायकल चालवता, यावरही रुंदी ठरते. सरळ बसलं की हाडांचा मागचा, रुंद भाग सीटला टेकतो. पुढे वाकलं की ओटीपोट पुढे कलतं आणि हाडांचा पुढचा, जवळ येणारा भाग टेकतो. म्हणून ताठ बसणाऱ्याला थोडी जास्त रुंदी लागते, रेसिंगच्या हँडलवर वाकणाऱ्याला कमी. माझ्या आजोबांच्या काळ्या सायकलीला स्प्रिंगवाली भलीमोठी सीट होती आणि ती त्या सायकलीला अगदी योग्य होती : पाठ ताठ, वेग कमी, अंतर गावापासून बाजारापर्यंत. तीच सीट वाकलेल्या हँडलच्या सायकलीवर लावून कोल्हापूर गाठायचं म्हटलं तर मांड्या सोलून निघतील.

मधोमध खाच असलेल्या सीटा अनेकांना मानवतात, मलाही मानवली. काही बायकांना मात्र खाचेच्या कडा बोचतात किंवा नाजूक भाग खाचेत उतरून सुजतो. त्यांना उथळ पन्हळ असलेली किंवा मधला भाग फक्त मऊ ठेवलेली सीट बरी पडते. हे दुकानात उभं राहून ठरत नाही.

चामड्याच्या सीटबद्दल जरा विस्तारानं लिहिते, कारण त्यावर आपल्याकडे टोकाची मतं ऐकू येतात. जॉन बोल्टबी ब्रूक्स यांनी १८६६ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू केलेल्या कंपनीची बी १७ ही सीट शंभराहून अधिक वर्षं बनते आहे. पहिल्यांदा हात लावला तर ती लाकडासारखी टणक लागते. जाड चामडं पुढे-मागे रिव्हेट मारून ताणलेलं असतं, खाली फोम नाही की जेल नाही. काही शे किलोमीटर चालवल्यावर त्या चामड्यात तुमच्या हाडांच्या जागी खळगे पडतात आणि सीट तुमची होते. अनेक ब्रेव्हेवाले दुसऱ्या कशावर बसायला तयार नसतात, त्याचं कारण हे. पण तिचा शत्रू पाऊस आहे. ओल्या चामड्यावर बसून राहिलं तर ते ओघळतं आणि मग पूर्ववत होत नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर सायकल चालवायची असेल तर मागच्या चाकाला मडगार्ड हवंच, कारण सीट खालून भिजते. वर घालायला प्लास्टिकची टोपी जवळ हवी, आणि घरी आल्यावर सीट सावलीत वाळवायला हवी, नाहीतर बुरशी धरते. पुढचा ताणाचा बोल्ट उत्साहानं पिळत बसू नये, चामडं त्यानंच खराब होतं. एवढं जमणार नसेल किंवा चामडं वापरायचंच नसेल, तर त्याच कंपनीची रबराची, वर सुती कापड असलेली केंबियम मालिका २०१३ पासून आहे. ती पावसाला दाद देत नाही, पण चामड्याइतकी अंगवळणीही पडत नाही.

सीट योग्य असूनही ती बसवण्यात चूक असेल तर सगळं व्यर्थ जातं. गवंड्याची छोटी पाणसळ सीटवर पुस्तक ठेवून त्यावर धरा आणि आधी सीट सपाट करा. टोक वर उचललेलं असेल तर नाजूक भाग दबतो. टोक फार खाली असेल तर अंग पुढे घसरतं आणि तळहात बधिर होतात. एखाद-दोन अंश खाली चालतं. उंचीसाठी साधा उपाय : टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्या, पाय सरळ व्हायला हवा. सीट जास्त उंच असेल तर प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवीकडे हलते आणि घासून घासून कातडी जाते. फार खाली असेल तर पायांनी घ्यायचा भार सीटवर येतो. हँडल फार लांब असेल तरीही माणूस सीटच्या टोकावर येऊन बसतो, आणि दोष सीटला दिला जातो. स्वस्त सायकलींच्या सीटपोस्टवर, म्हणजे सीट धरणाऱ्या नळीवर, दातेरी क्लॅम्प असतो. त्यात सीटचं टोक एकतर जास्त वर राहतं किंवा जास्त खाली, मधलं काही नाही. तसं असेल तर नव्या सीटच्या आधी दोन बोल्टांची सीटपोस्ट घ्या. नळीचा व्यास मोजून न्या, २५.४, २७.२ आणि ३१.६ मिलिमीटर ही नेहमीची मापं आहेत.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलण्याआधी सीटपोस्टवर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून जुनी उंची राखून ठेवा. नवी सीट घेऊन थेट ब्रेव्हेला किंवा आषाढीच्या सायकलवारीला निघू नका. सीटचा खरा स्वभाव दोन-तीन तासांनंतरच कळतो, म्हणून विकत घेण्याआधी उसनी मिळवा. प्रत्येक सायकलवाल्याच्या माळ्यावर न मानवलेली एखादी सीट पडलेली असते. जी त्याला मानवली नाही ती तुम्हाला मानवू शकेल. मी आता बसते ती अशीच मैत्रिणीकडून आली.

आता कपड्यांचं. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत दुसरा कपडा घालायचा नाही. शिवण घासते आणि घाम अडतो. प्रत्येक फेरीनंतर शॉर्ट्स धुवायची. पावसाळ्यात ती वाळत नाही, म्हणून दोन जोड हवेत, दमट पॅडमधूनच केसतोडाला सुरुवात होते. घासण्याच्या जागी पातळ क्रीम लावा. सायकलवर दर दहा-पंधरा मिनिटांनी काही क्षण पेडलवर उभं राहायचं, त्रास होत नसला तरी. आणि फिरून आल्यावर तेच ओले कपडे घालून चहाच्या टपरीवर गप्पा मारत बसू नका.

फक्त एकाच बाजूला दुखत असेल तर सीट बदलून उपयोग होणार नाही. दोन्ही पायांच्या लांबीत फरक असेल किंवा कंबर तिरकी बसत असेल, ते फिजिओथेरपिस्टला दाखवा. मधुमेह असेल तर केसतोडावर घरगुती उपाय करत दिवस काढू नका. बधिरपणा सायकलवरून उतरल्यावरही काही तास राहिला, लघवीत रक्त दिसलं, सूज उतरली नाही, किंवा पुरुषांच्या बाबतीत ताठरता येण्यात फरक जाणवला, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. तिथे ‘खाली दुखतंय’ एवढंच सांगून थांबू नका. कुठे, किती वेळ आणि किती किलोमीटरनंतर सुरू झालं ते सांगा, आणि शक्य असेल तर सीटचा फोटो दाखवा.