पाण्यातील जंतूला जात नसते

डोळ्यांना जे दिसत नाही ते नाहीच, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु आपले आरोग्य, आपली शेती, एवढेच नव्हे तर आपला सामाजिक इतिहासही अशा न दिसणाऱ्या सूक्ष्मजीवांशी जोडलेला आहे. महाड-पोलादपूरच्या माणसाने तर हा विषय अवश्य समजून घ्यावा. आपल्या भूमीवरील सर्वांत मोठा लढा पाण्यासाठी झाला आणि रोगजंतू घरात येण्याची मोठी वाटही पाणीच आहे.

सूक्ष्मजीव म्हणजे काय?

जीवाणू, विषाणू, बुरशी इत्यादींना आपण सूक्ष्मजीव म्हणतो. हॉलंडमधील लेव्हेनहुक या कापड व्यापाऱ्याने स्वतः बनविलेल्या भिंगातून १६७६ मध्ये पाण्यातील जीवाणू पाहिले.

सगळेच सूक्ष्मजीव शत्रू नव्हेत. दुधाचे दही तेच करतात. आंबोळीचे पीठ तेच आंबवितात. भात कापल्यावर आपण शेतात वाल पेरतो. त्याच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम नावाचे जीवाणू असतात. ते हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. पालापाचोळ्याचे खतही त्यांच्याच मेहनतीने होते.

पाणी आणि रोग

कॉलरा, विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे जंतू रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात जातात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात शिरतात. १८५४ मध्ये लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याच्या साथीचे मूळ एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यात असल्याचे दाखविले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कॉलऱ्याचे जंतू आपल्याच देशात, कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यात सापडले.

म्हणजे पाणी कशाने दूषित होते, हे जगाला समजले होते. तरीही त्यानंतर ४३ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा तळे बाटले अशी हाकाटी झाली. मग ‘शुद्धी’ करण्यात आली. तळ्याच्या पाण्याचे १०८ घडे भरून त्यांत शेण, गोमूत्र, दूध व दही कालविले आणि ते मंत्रोच्चारात पुन्हा तळ्यात ओतले!

आज प्रयोगशाळेत पाणी तपासताना ई. कोलाय हा जीवाणू शोधतात. तो माणसांच्या आणि गुराढोरांच्या आतड्यात राहतो. पाण्यात तो आढळला, तर त्यात विष्ठा मिसळली असे ठरते आणि ते पाणी पिण्यास अयोग्य मानतात. सर्व जातींच्या माणसांच्या पोटात तो सारखाच असतो, शेणातही असतो. आता वाचकांनीच ठरवावे, तळे माणसाच्या ओंजळीने बाटले की शेणाच्या घड्यांनी?

या समजुतीची किंमत मोठी होती. ज्यांना चांगल्या पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांना डबक्याचे पाणी प्यावे लागले. त्याने रोग झाले आणि त्या रोगांवरून त्यांनाच घाणेरडे म्हटले गेले. तळ्यावरील हक्क न्यायालयात सिद्ध व्हायला १७ मार्च १९३७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

पुराचा धडा

जुलै २०२१ मध्ये सावित्री-गांधारीच्या पुराने महाड बुडाले आणि डोंगर कोसळून तळिये गावावर घाला आला. पुरात गटार, गोठा, विहीर सगळे एक होते. उंदरांच्या व जनावरांच्या मूत्रातील लेप्टोस्पायरा जंतू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. चिखल काढणाऱ्याची जात ते विचारत नाहीत.

आपण काय करावे?

पावसाळ्यात व उन्हाळ्यात पाणी आटत आल्यावर ते गाळून, खळखळ उकळून प्यावे. विहिरीत टीसीएल पावडर टाकली जाते की नाही, हे ग्रामपंचायतीला विचारावे व पाणी तपासून घ्यावे. संडासाचा खड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या बाजूस असावा. माठातील पाणी ओगराळ्यानेच काढावे. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. पुराच्या पाण्यात उतरल्यावर ताप आला तर अंगारे-धुपारे न करता त्वरित दवाखाना गाठावा.

पाण्याचा हक्क आपल्या पूर्वजांनी मार खाऊन मिळविला. आता ते पाणी निर्मळ राखणे आणि त्याची पारख विटाळाने न करता विज्ञानाने करणे, हे आपले काम आहे. आपल्या मुलांना चवदार तळे दाखवाल, तेव्हा हेही अवश्य सांगा.