थायरॉईड आणि स्त्रियांच्या हार्मोन तपासण्या : केव्हा कराव्यात, कशा वाचाव्यात?



थायरॉईड हा शब्द आज घरोघरी पोहोचला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई व गोव्यासह देशातील आठ शहरांतील पाच हजारांहून अधिक प्रौढांचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी सुमारे ११ टक्के लोकांमध्ये थायरॉईडचे काम मंदावलेले आढळले. त्यातही स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते. म्हणजेच हा प्रश्न कुणा एका घराचा राहिलेला नाही.

पाळी पुढे-मागे होते, दिवस राहत नाहीत, वजन वाढते, केस गळतात, अशी तक्रार घेऊन आपली भगिनी दवाखान्यात जाते. तिला हार्मोनच्या तपासण्या लिहून दिल्या जातात. एका वेळेच्या तपासण्यांना गरीब घरातला आठवड्याचा बाजार खर्ची पडतो. अहवाल येतो, त्यावर आकडे असतात, काही आकडे ठळक छापलेले असतात. ते पाहून घरात लगेच निष्कर्ष निघतो, “हिच्यातच दोष आहे.” एका कागदामुळे सुनेला बोल लागतात आणि मुलीचे ठरत आलेले लग्न मोडते. वास्तविक तो आकडा चुकीच्या दिवशी घेतलेल्या रक्ताचा असू शकतो, किंवा मूळ बिघाड थायरॉईडमध्ये असून त्याची सावली दुसऱ्याच हार्मोनवर पडलेली असू शकते.

म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एकच मुद्दा मांडणार आहोत. हार्मोनचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. रक्त पाळीच्या कोणत्या दिवशी घेतले, त्या वेळी कोणती औषधे चालू होती आणि थायरॉईडची स्थिती काय होती, या तीन गोष्टी कळल्यावरच त्या आकड्याला अर्थ येतो.

१. ग्रंथींचे आपसातील नाते

थायरॉईड ग्रंथी गळ्याच्या पुढील भागात असते. ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके, म्हणजे हार्मोन, तयार करते. तिच्यावर हुकूम चालतो मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्यूटरी ग्रंथीचा. पिट्यूटरी जो हुकूम पाठवते त्याचे नाव टीएसएच. पिट्यूटरीलाही वरून हुकूम येतो. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातून टीआरएच नावाचे द्रव्य येते व ते तिला जागे करते. टीआरएचची रचना शोधणारे रॉजर गिलमिन व अँड्र्यू शॅली आणि रक्तातील अत्यल्प हार्मोन मोजण्याची पद्धत विकसित करणाऱ्या रोझलिन यालो, या तिघांना १९७७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आज आपण ज्या तपासण्या करतो त्यांचा पाया त्या संशोधनात आहे.

घरावरच्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. टाकीतील पाणी कमी झाले की मोटार जोरात चालते, टाकी भरली की मोटार थांबते. थायरॉईड हार्मोन म्हणजे टाकीतले पाणी आणि टीएसएच म्हणजे मोटार. म्हणून टीएसएच वाढलेला असेल तर थायरॉईड कमी पडत आहे असे समजावे, आणि टीएसएच फार कमी असेल तर थायरॉईड हार्मोन जादा आहे असे समजावे. पुष्कळ जण इथेच उलटा अर्थ लावतात.

आता स्त्रियांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. थायरॉईड मंदावली की टीआरएचचा जोर वाढतो. हे टीआरएच केवळ टीएसएच वाढवून थांबत नाही. ते प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या हार्मोनलाही चालना देते. प्रोलॅक्टिन वाढले की स्त्रीबीज वेळेवर तयार होत नाही आणि पाळी लांबते. थायरॉईड मंद असता काहींना पाळीत अंगावरून फार जाते, तर काहींची पाळी दोन-दोन महिने येत नाही. थायरॉईड अति जोरात चालली तर पाळी बहुधा कमी जाते व तिच्यातले अंतर वाढते.

२. कोणती तपासणी कोणत्या दिवशी?

प्रथम दिवस मोजण्याची पद्धत नीट समजून घ्यावी. व्यवस्थित लाल रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस. आदल्या दिवशी नुसते डाग पडले असतील तर तो दिवस धरू नये.

(अ) एफएसएच, एलएच आणि इस्ट्रॅडिऑल : पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. पाळीच्या मध्यावर स्त्रीबीज सुटण्याआधी एलएच आपोआप उसळी मारते. तेराव्या दिवशी रक्त दिले आणि एलएच जास्त आले, तर तो रोग नसून निसर्गक्रम असू शकतो.

(आ) प्रोजेस्टेरॉन : स्त्रीबीज सुटले की नाही हे पाहण्यासाठी. ही तपासणी ‘एकविसाव्या दिवशी’ करावी असे सर्वत्र सांगितले जाते, पण ते २८ दिवसांची पाळी असणाऱ्या स्त्रीसाठी आहे. खरा नियम असा की पुढची पाळी येण्याच्या सुमारे सात दिवस आधी रक्त द्यावे. पाळी ३५ दिवसांची असेल तर तो दिवस अठ्ठाविसावा येतो. त्या वेळी प्रोजेस्टेरॉन ३ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर स्त्रीबीज सुटले असे मानतात.

(इ) प्रोलॅक्टिन : कोणत्याही दिवशी चालते. सकाळी उठल्यानंतर दोन-तीन तासांनी, धावपळ न करता, थोडे शांत बसून रक्त द्यावे. झोप, ताण, तसेच उलटीवरील डॉमपेरिडोन व मेटोक्लोप्रमाईड आणि मानसिक आजारावरील काही औषधे यांनी प्रोलॅक्टिन वाढते. तथापि मानसिक आजाराची औषधे स्वतःहून कधीही बंद करू नयेत.

(ई) टेस्टोस्टेरॉन : पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत, सकाळी.

(उ) टीएसएच आणि एएमएच : पाळीच्या कोणत्याही दिवशी.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एफएसएच, एलएच व प्रोजेस्टेरॉन यांच्या आकड्यांवरून काहीही ठरवता येत नाही, कारण त्या गोळ्या बीजांडकोशाचे काम थांबवूनच ठेवतात.

३. थायरॉईडच्या तपासणीची पथ्ये

टीएसएच रात्री उशिरा व पहाटे जास्त असतो आणि दुपारी उतरतो. म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळी, शक्यतो सकाळी, आणि एकाच प्रयोगशाळेत रक्त द्यावे. एकदा सकाळी व एकदा सायंकाळी दिले तर औषध न बदलताही आकडा बदललेला दिसेल.

थायरॉक्सिनची गोळी चालू असणाऱ्यांनी त्या दिवशी आधी रक्त द्यावे, मग गोळी घ्यावी. एरवी ही गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने करावा. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात, नाहीतर थायरॉक्सिन पोटात नीट शोषले जात नाही. औषधाची मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनीच पुन्हा तपासावे. पंधरा दिवसांत तपासून उपयोग नाही, कारण टीएसएच स्थिरावण्यास तेवढा अवधी लागतो.

आजकाल केस व नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. बायोटिनमुळे अनेक यंत्रांवरील मोजणी फसते. टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त येतो. चांगली मुलगी कागदावर ‘थायरॉईड वाढलेली’ ठरते. एफएसएच, प्रोजेस्टेरॉन वगैरे आकडेही यामुळे चुकू शकतात. म्हणून तपासणीपूर्वी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे, आणि मात्रा फार मोठी असेल तर डॉक्टरांना विचारावे. ताप किंवा मोठे आजारपण चालू असतानाही थायरॉईडची तपासणी निकड नसल्यास पुढे ढकलावी.

४. अहवाल कसा वाचावा? काही उदाहरणे

उदाहरण पहिले. समजा, एका चोवीस वर्षांच्या विवाहितेची पाळी दोन महिन्यांनी येते. प्रोलॅक्टिन ४५ आले, म्हणजे नेहमीच्या २५ च्या मर्यादेपेक्षा जास्त. घरचे घाबरतात, डोक्याच्या स्कॅनची भाषा सुरू होते. पण टीएसएच कुणी पाहिलेलाच नाही. तो पाहिला तर ३८ निघतो. येथे प्रोलॅक्टिनवर गोळ्या देणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. थायरॉक्सिन सुरू करून टीएसएच जागेवर आला की असे प्रोलॅक्टिन बहुधा काही महिन्यांत आपोआप उतरते. दीर्घकाळ उपचार न झालेल्या थायरॉईडमध्ये पिट्यूटरी ग्रंथीसुद्धा सुजून गाठीसारखी दिसू शकते, आणि ती सूजही उपचाराने ओसरते. मात्र प्रोलॅक्टिन फारच जास्त असेल, डोके सतत दुखत असेल किंवा नजर कमी होत असेल, तर स्कॅन टाळू नये.

उदाहरण दुसरे. पाळी ३५ दिवसांची, रक्त घेतले एकविसाव्या दिवशी, प्रोजेस्टेरॉन आले ०.६. शेरा पडतो, ‘स्त्रीबीज तयार होत नाही.’ पण या स्त्रीचे स्त्रीबीज एकविसाव्या दिवसाच्या सुमारासच सुटायचे असते. एक आठवडा थांबून रक्त दिले असते तर निकाल वेगळा आला असता.

उदाहरण तिसरे. टेस्टोस्टेरॉन रक्तात बहुतांशी एका वाहक प्रथिनाला चिकटून फिरते. थायरॉईड अति झाली की हे प्रथिन वाढते आणि एकूण टेस्टोस्टेरॉन जास्त दिसते. थायरॉईड मंद असेल तर प्रथिन घटते आणि एकूण आकडा कमी दिसतो. म्हणून थायरॉईड ताळ्यावर येईपर्यंत हा आकडा अंतिम मानू नये. पीसीओएस हे निदान करण्यापूर्वी थायरॉईड व प्रोलॅक्टिनचे विकार नाहीत याची खात्री करून घ्यावी लागते, हा वैद्यकशास्त्राचा मान्य नियम आहे.

उदाहरण चौथे. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या किंवा गरोदर स्त्रीचा ‘एकूण टी-४’ जास्त येतो. इस्ट्रोजेनमुळे थायरॉईड हार्मोन वाहून नेणारे प्रथिन वाढते, त्यामुळे हे घडते. अशा वेळी टीएसएच व ‘मुक्त टी-४’ पाहावा.

उदाहरण पाचवे. पंचेचाळिशीनंतर घाम फुटणे, छातीत धडधडणे, झोप न लागणे हे सर्व ‘पाळी जाण्याचे’ म्हणून सोडून दिले जाते. थायरॉईड वाढल्यासही हीच लक्षणे असतात. या वयात एफएसएच महिन्यागणिक वर-खाली होत राहते. त्यामुळे त्याच्या एका आकड्यावर विसंबण्यापेक्षा एकदा टीएसएच पाहून घेणे अधिक उपयोगाचे ठरते.

टीएसएच ४ ते ५ च्या मर्यादेहून किंचितच जास्त आला, तर त्या एका कागदावर जन्मभराची गोळी सुरू करण्याची घाई करू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने थायरॉईडविरोधी अँटीबॉडी पाहून मग निर्णय घ्यावा. गरोदरपण व गरोदरपणाची तयारी मात्र याला अपवाद आहे.

५. गरोदरपण व बाळंतपण

थायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीने दिवस राहण्याआधीच टीएसएच २.५ च्या खाली आणून ठेवावा. पाळी चुकली व तपासणीत गरोदरपण ठरले की त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईड हार्मोनवर अवलंबून असते, आणि औषधाची गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी वाढते. “गरोदरपणात गोळ्या नकोत” म्हणून थायरॉक्सिन बंद करणे हा बाळावर अन्याय आहे. निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहावा.

पहिल्या तिमाहीत टीएसएच थोडा कमी येणे बहुधा नैसर्गिक असते, कारण गर्भाचे एचसीजी हे हार्मोन थायरॉईडला चालना देते. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही स्त्रियांची थायरॉईड आधी वाढते व नंतर मंदावते. बाळंतीण सतत थकते, रडते, चिडते, तेव्हा तिला नावे ठेवण्यापूर्वी तिचा टीएसएच पाहावा.

६. आपण काय करावे?

प्रत्येक घरात एक साधी वही ठेवावी. त्यात पाळीचा पहिला दिवस, रक्त दिल्याची तारीख व वेळ, चालू औषधे आणि मात्रा बदलल्याची तारीख लिहावी. अहवालावर ‘पाळीचा अमुक दिवस’ असे आपल्या हाताने नोंदवावे. पाळीची तक्रार असेल तर मोठ्या यादीआधी टीएसएच पाहण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. औषधाची मात्रा स्वतः बदलू नये, शेजारणीच्या गोळ्या घेऊ नयेत. मूल होत नसेल तर पतीचीही तपासणी सुरुवातीलाच करावी, कारण दोष एकट्या स्त्रीचाच असतो हे गृहीतच चुकीचे आहे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. पाळी ३२ दिवसांची असल्यास प्रोजेस्टेरॉनची तपासणी कोणत्या दिवशी करावी?
२. थायरॉईड मंदावल्यावर प्रोलॅक्टिन का वाढते?
३. थायरॉक्सिनची मात्रा बदलल्यावर सहा आठवडे का थांबावे?
४. बायोटिन घेणाऱ्या मुलीचा टीएसएच कमी आला, तर प्रथम काय करावे?

उत्तरे लेखातच आहेत. ती शोधून विद्यार्थ्यांनी आपल्या आईला, बहिणीला, वहिनीला समजावून सांगावीत. एका घरात जरी कागदावरचा आकडा वाचण्याआधी “रक्त कोणत्या दिवशी दिले होते?” असा प्रश्न विचारला गेला, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.