रिस्टोअरचा सराव



डेटाबेस सांभाळण्याचे काम ज्याच्याकडे येते, त्याला बॅकअप घेण्याची कमांड सुरुवातीलाच शिकवली जाते. तो बॅकअप परत बसवण्याची, म्हणजेच रिस्टोअर करण्याची, कमांड मात्र बहुधा संकट कोसळल्यावरच पहिल्यांदा टाइप केली जाते. हा क्रम घातक आहे आणि माझ्या भाचीने तो नोकरीच्या आरंभीच मोडावा, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

गिटलॅब या कंपनीत 31 जानेवारी 2017 रोजी जे घडले, ते या विषयातील प्रत्येक नवशिक्याने अभ्यासावे. तेथे पोस्टग्रेस डेटाबेसची प्रतिकृती ठेवणारा दुय्यम सर्व्हर मागे पडला होता. रात्री उशिरा तो पूर्ववत करताना एका अभियंत्याने डेटा डिरेक्टरी पुसण्याची कमांड दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवर चालवली. चूक लगेच ध्यानात येऊन कमांड थांबवली गेली, तरी सुमारे 300 जीबीपैकी केवळ साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअपकडे धाव घेतली, तर ज्या ठिकाणी त्या फाइल असायला हव्या होत्या ते ठिकाण रिकामे निघाले. बॅकअप घेणारे पीजी_डंप हे साधन 9.2 आवृत्तीचे आणि सर्व्हर 9.6 चा असल्यामुळे ते दर वेळी त्रुटी देऊन थांबत होते, आणि त्या त्रुटीची सूचना देणारे ईमेल आवश्यक प्रमाणीकरणाअभावी नाकारले जात होते. अखेर त्याच अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कचे त्या क्षणीचे चित्र, कामी आला. त्या सहा तासांतली नोंद मात्र कायमची गेली. चर्चा झाली ती पुसण्याच्या कमांडची, पण खरा दोष त्याहून खोल होता: बॅकअप परत बसवून पाहण्याची जबाबदारी कोणा एकाची नव्हतीच. कंपनीने हे सारे जाहीरपणे लिहून ठेवले, याबद्दल या व्यवसायाने तिचे ऋणी राहावे.

आता प्रत्यक्ष साधनांकडे. पीजी_डंप डेटाबेसची प्रत साध्या एसक्यूएल फाइलच्या रूपात किंवा कस्टम फॉरमॅटमध्ये काढते. साधी फाइल पीएसक्यूएल या साधनाने चालवली जाते, आणि घात होतो तो नेमका येथे; कारण मुळात हे साधन एखादे विधान फसले तरी न थांबता पुढच्या विधानाकडे जाते. नव्या सर्व्हरवर जुन्या वापरकर्त्याचे खाते, म्हणजे रोल, नसेल, तर मालकी ठरवणारे प्रत्येक विधान फसते, त्या ओळी पडद्यावरून वर सरकून जातात आणि शेवटी सर्व सुरळीत पार पडल्याचा भास होतो. म्हणून ऑन_एरर_स्टॉप हे चल चालू ठेवूनच फाइल चालवावी. रोल डेटाबेसच्या नव्हे, तर संपूर्ण सर्व्हरच्या मालकीचे असल्याने पीजी_डंपच्या फाइलमध्ये येत नाहीत. ते पीजी_डंपऑलने वेगळे काढून आधी बसवावे लागतात. कस्टम फॉरमॅटसाठी पीजी_रिस्टोअर वापरतात: त्याच्या एका पर्यायाने फाइलमध्ये काय काय आहे याची यादी पाहता येते, हवे ते एखादेच टेबल परत आणता येते, आणि अनेक कामे समांतर चालवून वेळही वाचवता येतो. डेटा परतल्यावर ॲनालाइझ ही कमांड चालवावी, नाहीतर क्वेरीचा मार्ग ठरवणाऱ्या प्लॅनरकडे ताजी आकडेवारी नसते आणि डेटाबेस बरोबर असूनही संथ वाटतो.

पीजी_डंपने काढलेली प्रत, म्हणजे डंप, ती घेतली त्या एका क्षणाचेच चित्र देते. त्यानंतरचे व्यवहार हवे असतील, तर संपूर्ण डेटा डिरेक्टरीची मूळ प्रत आणि प्रत्येक बदल आधी लिहून ठेवणाऱ्या वॉल या नोंदवहीच्या फाइल दोन्ही जपाव्या लागतात. मग चुकीच्या कमांडच्या अगदी आधीच्या मिनिटापर्यंत डेटाबेस पुन्हा उभा करता येतो.

रिस्टोअर नेहमी नव्या, रिकाम्या डेटाबेसमध्ये करावे, चालू डेटाबेसवर कधीही नाही. एखादी डिरेक्टरी बाजूला सारायचीच असेल, तर ती पुसू नये, तिचे नाव बदलावे. आणि एंटर दाबण्यापूर्वी प्रॉम्प्टवर कोणत्या सर्व्हरचे नाव आहे ते वाचावे, विशेषतः रात्री, थकलेल्या डोळ्यांनी काम चालू असताना.

भाचीने याच आठवड्यात आदल्या रात्रीची बॅकअप फाइल घ्यावी, एका मोकळ्या मशीनवर ती पूर्ण रिस्टोअर करावी, सर्वांत मोठ्या टेबलातील शेवटच्या नोंदीची तारीख तपासावी आणि या सगळ्याला किती वेळ लागला ते उलट टपाली कळवावे.