प्रतिकारशक्ती बाटलीत मिळत नाही

औषधाच्या दुकानात, आठवडी बाजारात आणि आता मोबाईलवरही ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे लिहिलेल्या बाटल्या विकायला असतात. लेकरू फिकट दिसू लागले, महिनाभर अधूनमधून तापू लागले की घरातल्यांची पहिली धाव बहुधा त्या बाटलीकडे असते. पोटाला चिमटा घेऊन तीनतीनशे रुपये मोजले जातात आणि महिना निघून जातो. म्हणून या वेळी आम्ही अशा एका डॉक्टरची माहिती देत आहोत, ज्यांनी शरीराच्या प्रतिकारशक्तीला खरोखरच रक्ताच्या कर्करोगाशी लढायला लावले. ते काम कसे झाले हे कळले, की बाटलीतले काय आहे ते वेगळे सांगावे लागणार नाही.

आधी आजार समजून घेऊ. आपले रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. तांबड्या पेशी प्राणवायू पोहोचवतात, प्लेटलेट रक्त थांबवतात आणि पांढऱ्या पेशी जंतूंवर पहारा ठेवतात. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, या पहारेकऱ्यांचीच एखादी जात बेसुमार वाढते. त्या पेशी कच्च्या आणि निकामी असतात, पण जागा अडवून बसतात. तांबड्या पेशी कमी पडल्या की मूल फिकटते. प्लेटलेट कमी पडल्या की अंगावर निळे-काळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते. चांगल्या पांढऱ्या पेशी कमी पडल्या की ताप हटत नाही. बिघाड पहारेकऱ्यांतच आहे, आणि बाकीचे पहारेकरी त्याला ओळखत नाहीत, कारण तो घरातलाच आहे. अशा वेळी नुसती ‘शक्ती वाढवून’ काय होणार?

डॉ. कार्ल जून हे अमेरिकेतले. जन्म 1953 चा. व्हिएतनामच्या युद्धाच्या काळात ते नौदलाच्या शाळेत गेले आणि नौदलाच्याच खर्चाने डॉक्टर झाले. अणुयुद्ध किंवा अणुअपघात झाला तर सैनिकांच्या हाडांतला मगज जळून जाईल, तेव्हा मगज बदलता येणारे डॉक्टर हवेत, म्हणून नौदलाने त्यांना 1980 नंतरच्या काळात सिॲटल शहरात शिकायला पाठवले. तिथे डॉ. डॉनल थॉमस हे ल्युकेमियाच्या रुग्णांना दुसऱ्याच्या हाडांतला मगज देत असत. त्यासाठी पुढे 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तिथल्या कामात एक गोष्ट दिसली होती. दात्याच्या मगजाबरोबर आलेल्या प्रतिकारपेशी रुग्णाच्या अंगात उरलेला कर्करोग स्वतःच मारतात. पण त्या कधीकधी रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवरही तुटून पडतात. म्हणजे ताकद होती, नेम नव्हता.

नेम शोधण्यात पुढची वीसेक वर्षे गेली, आणि त्यांतली बरीच कर्करोगावर गेलीच नाहीत. नौदलाच्या प्रयोगशाळेत संसर्गजन्य आजारांवर काम करायचे असे, म्हणून जून एचआयव्हीकडे वळले. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या रक्तातून काढून बाहेर कशा वाढवायच्या, हे त्यांनी आणि त्यांचे सहकारी ब्रूस लेव्हिन यांनी तिथेच शिकून घेतले. 1999 मध्ये ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आले. 2001 मध्ये त्यांच्या पत्नीचे बीजकोशाच्या कर्करोगाने निधन झाले. डॉक्टरच्या घरातला आजारही डॉक्टरला नेहमी आवरता येतो असे नाही.

नेम साधण्याची युक्ती एकट्याची नव्हे. टी-पेशीवर नवे ‘ओळखयंत्र’ बसवण्याची कल्पना इस्रायलच्या झेलिग एश्हार यांची. जून यांनी वापरलेला नमुना डॉ. डारिओ काम्पाना यांच्या प्रयोगशाळेतला. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून टी-पेशी वेगळ्या काढायच्या. मग त्यांत एका विषाणूच्या पाठीवर नवा जीन पोहोचवायचा. हा विषाणू एचआयव्हीपासूनच बनवलेला, पण रोग करणारा भाग काढून टाकलेला. नवा जीन मिळाला की टी-पेशीला सीडी-19 नावाची खूण दिसू लागते. ही खूण बी-पेशींवर असते, आणि मुलांचा बहुतेक ल्युकेमिया बी-पेशींचाच असतो. अशा शिकवलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून शिरेवाटे परत सोडतात. त्याआधी थोडी केमो द्यावी लागते. या उपचाराला कार-टी म्हणतात.

पहिल्या चाचणीसाठी पैसे मिळेनात. एका खासगी निधीतून तीन रुग्णांपुरती सोय झाली. 2010 मध्ये त्या तिघांना पेशी दिल्या, 2011 मध्ये निष्कर्ष छापून आले. दोघांचा कर्करोग दिसेनासा झाला होता, तिसऱ्याचा बराच कमी झाला होता. त्या दोघांच्या अंगात शिकवलेल्या पेशी दहा वर्षांनंतरही जिवंत सापडल्या.

एप्रिल 2012 मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात सहा वर्षांच्या एका मुलीला हा उपचार मिळाला. केमोनंतर तिचा आजार दोनदा उलटला होता. पेशी दिल्यावर काही दिवसांत ती प्रचंड तापली, रक्तदाब कोसळला, श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. सगळ्यांनी आशा सोडली होती. तपासणीत तिच्या रक्तात आयएल-6 नावाचे द्रव्य भयंकर वाढलेले दिसले. जून यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणापासूनचा संधिवात होता, म्हणून त्या द्रव्याला अडवणारे संधिवाताचे एक औषध त्यांना ठाऊक होते. ते दिले आणि काही तासांत ताप उतरू लागला. मुलगी शुद्धीवर आली आणि पुढे कर्करोगमुक्त झाली. आज हे औषध अशा उपचाराच्या वेळी हाताशी ठेवावेच लागते. नीट वापरलेली प्रतिकारशक्तीसुद्धा जीव घेऊ शकते, हे या प्रसंगातून कळते. जी बाटली ‘शंभर टक्के निर्धोक’ म्हणते तिच्यात काही असण्याची शक्यताही कमीच.

ऑगस्ट 2017 मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. किंमत ठरली 4,75,000 डॉलर, म्हणजे तेव्हाचे तीन कोटी रुपये. एवढ्या किमतीत ते आपल्यासाठी नव्हतेच. मग पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांबरोबर इथलीच कार-टी तयार केली. ऑक्टोबर 2023 मध्ये तिला देशात मान्यता मिळाली. खर्च तीस-चाळीस लाखांच्या घरात. तीन कोटींपुढे हे थोडे, पण नाका कामगाराच्या घराला दोन्ही आकडे सारखेच. शिवाय हा उपचार पहिला नसतो. केमोने आजार हटला नाही किंवा उलटला तरच त्याचा विचार होतो, आणि तेव्हाही तो सर्वांना लागू पडत नाही.

आमच्या वाचकांना सांगायची खरी गोष्ट पुढे आहे. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा ल्युकेमिया साध्या, जुन्या केमोने बहुतेक वेळा बरा होतो. श्रीमंत देशांत दहापैकी नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे आकडा खाली येतो तो उशिरा पोहोचल्यामुळे आणि उपचार मध्येच सोडल्यामुळे. उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. पहिल्या काही आठवड्यांत मूल टवटवीत दिसू लागते, पुढे केसही परत येतात, आणि गाडीभाडे-खाड्यांना कंटाळलेले आईबाप थांबतात. आजार उलटतो तो तिथे.

दोन आठवड्यांहून जास्त ताप, फिकटपणा, मार न लागता उठलेले डाग, मानेत-काखेत गाठी, हाडे दुखून लंगडणे, यांपैकी काही दिसले तर सीबीसी ही रक्ततपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती होते. अहवालात गडबड असेल तर काढा, अंगारा, गंडा यांत दिवस घालवू नका. बाबासाहेबांच्या लेकरांना हे सांगावे लागू नये, पण लागते. हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही, तेव्हा शेजाऱ्यांनी मुलाला दूर ठेवू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

विहार समित्यांना एक विनंती. 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला आपण मोठी रक्तदान शिबिरे घेतो, ते चांगलेच. पण केमो चालू असलेल्या मुलाला प्लेटलेट लागतात आणि प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. एप्रिलमधल्या प्लेटलेट जूनमधल्या मुलाला मिळत नाहीत. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. समितीने वस्तीतल्या दात्यांची रक्तगटासह यादी करावी, दर महिन्याला दहा-दहा जणांची पाळी लावावी आणि ती यादी जवळच्या रक्तपेढीत देऊन ठेवावी.