पेशींचा ब्रेक निकामी होतो तेव्हा



शौचावाटे रक्त पडले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून आपण गप्प बसतो. बऱ्याच वेळा ती मूळव्याध असतेही. पण कधीकधी ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे लक्षण असते. हा रोग कसा सुरू होतो ते कळले, तर तपासणी का टाळू नये हेही पटेल.

आईच्या पोटात बाळ घडत असताना पेशी एकमेकींना रासायनिक निरोप देतात. कुठे वाढायचे, काय बनायचे, हे त्यावर ठरते. अशाच एका निरोपाला शास्त्रज्ञ ‘विंट’ म्हणतात. जन्मानंतरही शरीर तो वापरते. आतड्याचे आतले अस्तर साधारण ४-५ दिवसांत नवे होते. अस्तराच्या खळग्यांतील पेशी विंटच्या निरोपाने वाढतात आणि वर सरकल्या की वाढ थांबवतात.

ही वाढ आवरण्यात ‘एपीसी’ नावाच्या जनुकाचा मोठा वाटा असतो. बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन पेशीत साठले की वाढीचा हुकूम सुटतो. निरोप नसेल तेव्हा हे प्रथिन नष्ट करायला एपीसी मदत करते. एपीसी निकामी झाले तर प्रथिन साठत जाते. निरोप आलेलाच नसतो, तरी पेशी वाढत राहतात.

बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. सायकलला जसे दोन ब्रेक, तसेच हे. एक गेला तरी दुसरा सांभाळतो. दोन्ही गेले की सायकल आवरत नाही. लहान मुलांच्या डोळ्यांच्या कर्करोगाचा अभ्यास करून आल्फ्रेड नडसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७१ मध्ये हा विचार मांडला. एपीसी जनुक १९९१ मध्ये सापडले. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत ते बिघडलेले आढळते.

मात्र ब्रेक गेला की लगेच कर्करोग होतो, असे नाही. आधी अस्तरावर लहान कोंब येतो. पुढे आणखी जनुके बिघडली, तर त्याचा कर्करोग होतो. याला बहुधा कित्येक वर्षे लागतात. तेवढ्या काळात दुर्बिणीच्या तपासणीत कोंब दिसला, तर तो काढून टाकता येतो.

काही घरांत एक बिघडलेली प्रत जन्मतःच येते. अशा व्यक्तीच्या आतड्यात तरुणपणीच शेकडो कोंब येतात. उपचार न केल्यास पुढे कर्करोग जवळपास अटळ असतो. तिच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, ही प्रत मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून एकाला हा आजार निघाला, तर भावंडांनी आणि मुलांनीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

‘मागच्या जन्मीचे पाप’ असे कोणी म्हणाले, तर ते मानू नका. मागच्या जन्मीच्या कर्मावर या जन्मीचे दुःख लादणारी शिकवण बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली आहे. रोगाला कारण असते आणि ते शोधता येते. आजारी माणसाला दोष देऊ नये, त्याला दवाखान्यात न्यावे.

हे लक्षात ठेवा:

• शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, कारणाशिवाय घटणारे वजन किंवा रक्त कमी होणे, यांपैकी काहीही असेल तर सरकारी रुग्णालयात दाखवा. लाजू नका. घरातल्या बायकांनीही हे लपवू नये.

• घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

• दारू आणि तंबाखूने हा धोका वाढतो. पंचशीलातील पाचवे शील आतड्यालाही राखते.

• खर्चाच्या भीतीने थांबू नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर हा लेख कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा. ज्याला त्रास असेल पण बोलायची लाज वाटत असेल, त्याच्याही कानावर तो पडेल.